चौल-रेवदंडा : "मूळचे कुठले?" या प्रश्नाचं उत्तर

"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आम्हा कोकणी मुसलमानांना नवा नाही. मी गावाचं नाव सांगतो. समोरच्याचं समाधान होत नाही. "ते झालं हो, पण मूळचे?" या 'मूळचे'मध्ये अरबस्तान, इराण, आक्रमण असं बरंच काही दडलेलं असतं. पूर्वी राग यायचा. आता मी चौलची गोष्ट सांगतो.

अलिबागहून मुरूडकडे निघालं की रेवदंडा लागतं. पोर्तुगीज कोटाच्या भिंतीतून रस्ता थेट आत शिरतो. शेजारी चौल, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे कुंडलिकेची खाडी. जुन्या काळी चौल हे शहर आणि रेवदंडा म्हणजे त्याचं समुद्राकडचं उपनगर. पोर्तुगीज यांनाच वरचं चौल आणि खालचं चौल म्हणत.

हे बंदर फार जुनं. ग्रीक लेखकांनी त्याला सेमुल्ला, सिमुल्ला म्हटलं आणि अरबांनी सैमूर. हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये बगदादचा प्रवासी अल-मसूदी इथे आला. तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचं होतं आणि त्यांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ कोकण सांभाळत होता. मसूदी लिहितो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले. आणि काही 'बयासिरा', म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी इथेच जन्मलेले. अकराशे वर्षांपूर्वीसुद्धा 'इथले' मुसलमान होते, आणि त्यांच्यासाठी वेगळा शब्द होता!

त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे. त्याला 'हुनरमन' म्हणत. राष्ट्रकूटांच्या राज्यात मशिदींना संरक्षण आहे, असंही मसूदी नोंदवतो. याची दुसरी बाजू चिंचणीच्या ताम्रपटात दिसते. इ.स. ९२६ च्या त्या लेखात संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने एक ताजिक, म्हणजे अरब अधिकारी पाहतो, आणि एका मठाला जमीन द्यायला तोच संमती देतो. हिंदू राजा मशीद राखतो, मुसलमान अधिकारी मठाला दान देतो. दोघांनाही बंदर चालवायचं होतं.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. १४६९ मध्ये रशियन व्यापारी अफनासी निकितिन घोडा घेऊन चौलला उतरला. पुढे जुन्नरला बहमनी अधिकारी असदखानाने तो घोडा काढून घेतला आणि "मुसलमान हो" अशी अट घातली. निकितिनला यातून सोडवलं ते खोरासानच्या खोजा मुहम्मदाने. जुलूम करणाराही मुसलमान, वाचवणाराही मुसलमान. इतिहास वाचताना दोघांची नावं घ्यायला हवीत.

मग पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये चौलजवळच्या लढाईत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना हरवलं आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो दि आल्मेदा मारला गेला. तरी १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने त्यांना रेवदंड्यात किल्ला बांधू दिला, कारण त्याला घोडे हवे होते. त्याच घराण्यातल्या मुर्तझाने १५७०-७१ मध्ये तोच किल्ला वेढला, पण तो पडला नाही. वसई गेल्यावर १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांना दिलं आणि १८१८ नंतर इंग्रज आले. तोवर व्यापार मुंबईकडे गेला होता.

आज चौलमध्ये रामेश्वराचं मंदिर नांदतं आहे, हमामखाना पडक्या अवस्थेत उभा आहे. रेवदंड्यात बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. त्यांनाही कोणीतरी "मूळचे कुठले?" विचारत असेलच.

माझे पूर्वज त्या दहा हजारांत होते की नाही, हे सिद्ध करायला माझ्याकडे कागद नाही. विचारणाऱ्याकडेही त्याच्या अकराशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांचा कागद नसतो. मग मला एवढंच म्हणायचं असतं : मी इथला आहे, आणि माझ्यासारखे इथले लोक पूर्वीही होते. पटत नसेल तर एकदा चौलला चला, वाटेत बोलू.