मॅलेटसाहेबांचे वारस

घर जुनं झालं की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर ते पडतं, नाहीतर त्याचं हॉटेल होतं. पडलं तर तलाठी येऊन पंचनामा करतो. हॉटेल झालं तर पेंटर येऊन दारावर इतिहास लिहितो. पंचनाम्यात निदान भिंतींची लांबी-रुंदी खरी असते.

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाची आणि माझी शेवटची गाठ दहावीला पडली आणि नंतर आम्ही दोघे सलोख्याने विभक्त झालो. पण बँकेत वीस वर्षं खुर्ची झिजवल्यावर एक सवय अंगात मुरते. मयत खातेदाराचे कागद पुढे आले की “वारस कोण?” हे विचारल्याशिवाय हातातलं पेन हलत नाही. त्याच सवयीपायी मी माथेरानच्या पहिल्या घराचे वारस शोधत बसलो. एरवी एल.एफ.सी.वर गेलेला माणूस चिक्की आणि चपला घेऊन परत येतो.

आम्ही मंगळवेढ्याचे. आमच्याकडे जमीन पोळपाटासारखी सपाट. काळ्या रानात उभं राहिलं तर ज्वारीची कणसं संपतील तिथं आभाळ सुरू होतं. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं, पण डोंगर काही मिळाला नाही. त्यामुळे आठशे मीटर उंचीवर पोहोचल्यावर सौ.ने दऱ्याबिऱ्या बघायच्या आधी हॉटेलवाल्याला विचारलं, “इथं पाणी कुठून येतं हो?” मंगळवेढ्याचा माणूस स्वर्गात गेला तरी पहिल्यांदा हेच विचारील. पाणी शार्लोट तलावातून येतं, हे कळल्यावर मगच तिने धुकं सुंदर असल्याचं मान्य केलं.

माथेरानचा शोध 1850 च्या मे महिन्यात ह्यू पॉइंट्झ मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने लावला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. साहेबांचा मुक्काम पायथ्याशी चौकला होता. उकाडा असह्य झाला असावा. ते वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि त्यांना माथ्यावरचं रान सापडलं. आता त्या रानात ठाकूर, कातकरी आणि धनगर आधीपासून नांदत होतेच. रानाला ‘माथेरान’ हे नावही त्यांच्याच भाषेतलं. पण शोध लावायला आधी तिथं नसावं लागतं, ही शोधाची मुख्य अट त्यांना पुरी करता आली नाही.

साहेबांनी वर घर बांधलं. माथेरानातलं ते पहिलं बंगलेवजा घर. त्याचं नाव ‘द बाईक’! ज्या गावात मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबवतात आणि स्वतःची स्कूटर घेऊन कुणी आत शिरू शकत नाही, त्या गावातल्या पहिल्या घराचं नाव बाईक असावं, हा योग मोठा आहे. स्कॉटलंडच्या बोलीत बाईक म्हणजे मधमाश्यांचं पोळं. साहेबांचं आजोळ स्कॉच होतं. शब्द तिकडूनच आला असेल, असा माझा आपला एक तर्क. आज माथेरानात त्याच नावाचं हॉटेल आहे, आणि ते शुद्ध शाकाहारी आहे. मॅलेटसाहेब परत आले तर त्यांना न्याहारीला उपमा मिळेल.

खरी गंमत पुढे आहे. या कलेक्टरसाहेबांचे वडील कोण, हे पाहताना मी थेट शनिवारवाड्यात जाऊन पोहोचलो. वडील म्हणजे सर चार्ल्स वॉर मॅलेट. पेशव्यांच्या दरबारातले इंग्रजांचे पहिले रेसिडेंट. 1786 साली ते पुण्याला आले आणि दहा-अकरा वर्षं राहिले. मुळा-मुठेच्या संगमावर त्यांची रेसिडेन्सी होती. समोर नाना फडणीस! ज्या माणसाला दहा वर्षं रोज नानांशी बोलावं लागलं, त्याच्या मुलाने थंड हवेची जागा शोधावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

या थोरल्या मॅलेटने 1790 साली पेशव्यांशी टिपूविरुद्ध तह केला. त्या तहापायी धारवाडवर चालून गेले ते परशुरामभाऊ पटवर्धन. पटवर्धन म्हटल्याबरोबर मी खुर्चीत सावरून बसलो. आमचं मंगळवेढं पटवर्धनांचंच की! पुढे 1948 पर्यंत ते सांगली संस्थानात होतं. म्हणजे मॅलेटने पुण्यात सही केली आणि आमच्या मालकांना घोड्यावर बसावं लागलं. माथेरानात खोलीचं भाडं भरताना ही ओळख सांगून काही सूट मिळते का, हे मी पाहिलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सीझन चालू आहे.”

मॅलेटला चित्रांचा नाद होता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉच चित्रकार पुण्याला आला, त्याने सवाई माधवरावांची आणि नानांची चित्रं काढली. शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली. गंगाराम तांबट हा पुण्याचा कारागीर मॅलेटसाठी वेरूळची लेणी कागदावर उतरवून आला. वेल्स मात्र कान्हेरीच्या लेण्यांची चित्रं काढता काढता आजारी पडला आणि 1795 साली ठाण्याकडे वारला. त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले. 1799 साली विलायतेत परतलेल्या मॅलेटने याच वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी, लग्न केलं. नवरा नवरीपेक्षा वीसहून अधिक वर्षांनी मोठा. त्यांना आठ मुलगे झाले. सगळे मुलगेच! 1815 साली वडील गेले तेव्हा थोरला पंधराचाही नव्हता. त्या आठांतले एक आपले ह्यू. तेव्हा ते ठाण्याचे कलेक्टर झाले ते आईचे वडील जिथं निजले त्याच जिल्ह्याचे. बदली मागून घेतली की आपोआप आली कुणास ठाऊक. बँकेत तरी सोयीच्या गावी आपोआप बदली झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

इथपर्यंत वारसाचा दाखला झकास जमत आला होता. पण एक नाव राहत होतं.

वेल्सने 1792 साली पुण्यात एका बाईचं चित्र काढलंय. तिचं नाव अंबर कौर. सुझॅनाशी लग्न होण्याच्या आधी, पुण्याच्या त्या वर्षांत, ती मॅलेटच्या घरात होती आणि तिला त्याच्यापासून मुलंही होती. संगमावरच्या बंगल्याची घरधनीण म्हणायची तर तीच. पण मॅलेट घराण्याच्या सरदारकीची वंशावळ काढलीत तर तिथं सुझॅना सापडते, आठ मुलगे सापडतात, त्यांचे मुलगे सापडतात. ही सापडत नाही. सासऱ्याने चित्र काढलं म्हणून ती उरली. तो संगमावरचा बंगलाही 1817 साली खडकीच्या लढाईच्या वेळी जाळला गेला. तेव्हा तिच्या नावाने उभी राहील अशी भिंतसुद्धा राहिली नाही.

माथेरानात आणखी एक घराणं आहे, ते घाईत उरकतो, कारण त्यांचा हिशेब साफ आहे. सर आदमजी पीरभॉय. गरिबीतून वर आलेले, लष्कराला तंबू पुरवून श्रीमंत झालेले बोहरी व्यापारी. त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, 1904 ते 1907 या काळात नेरळ-माथेरान ही दोन फुटी गाडी बांधली. खर्च सोळा लाख, सगळा घरचा. आमच्याकडे हा प्रस्ताव आला असता तर मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच पानावर लाल शाईने विचारलं असतं, “पावसाळ्यात गाडी बंद, मग हप्ता कुठून?” बाप पैसे देतो आणि मुलगा ते डोंगरावर घालवतो, यात वेगळेपण एवढंच, की मुलाने घालवलेल्या पैशांवर आजही गाव चालतं.

आता हे सगळं मी कशाला उकरलं ते सांगतो. पंढरपूर आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर. दामाजीपंतांच्या दर्शनालाही माणसं येतात. तेव्हा आमच्या पडक्या वाड्याचं यात्री निवास करावं, अशी टूम थोरल्या चुलतभावाने, म्हणजे अण्णाने, काढली. सहा खोल्या, गरम पाणी, कडक भाकरी आणि दारात इतिहास. “तू लेखक ना? लिही दहा ओळी.” मी लिहिल्या. पणजोबांनी वाडा बांधला, आजोबांनी माडी चढवली, वडील आणि काकांनी ती गळू दिली. आणि शेवटची ओळ अशी, की बहात्तरच्या दुष्काळापासून पुढं पस्तीस वर्षं हा वाडा आत्याने राखला.

आत्या विसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली. भाऊ नोकऱ्यांसाठी सोलापूर-पुण्याला पांगले, ही राहिली. पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकून घ्यायची, उंदरांशी भांडायची, आणि दिवाळीत आम्ही सगळे उतरलो की चौदा पोरांना न्हाऊ घालायची. हक्कसोडपत्रावर तिने अंगठा दिला तो माझ्या डोळ्यांदेखत, मग पदराने बोट पुसलं आणि विचारलं, “चहा टाकू का?”

अण्णाने दहा ओळी वाचल्या. नऊ पसंत पडल्या. दहाव्यीवर बोट ठेवून तो म्हणाला, “उताऱ्यावर नाव आहे का तिचं?”

“नाही.”

“मग? उद्या तिच्या सासरचे कुणी उभे राहिले म्हणजे?”

हा मुद्दा बँकेच्या दृष्टीने बिनतोड होता. मी पंधरा माणसांना काउंटरवरून याच मुद्द्यावर परत पाठवलं असेल. मी अण्णाला अंबर कौरची हकिगत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “ही आपल्यात कुठून आली?”

सध्या बोर्ड पेंटरकडे आहे. तो अक्षरावर पैसे घेतो. दहाव्या ओळीची अक्षरं मोजून तिचे पैसे मी त्याला परस्पर देऊन आलो आहे, पावती माझ्या नावाने घेतली आहे, आणि तो रंग लवकर वाळणारा आहे ना, एवढं दोनदा विचारून खात्री करून घेतली आहे. अण्णा सोमवारी पुण्याहून येतोय.