शास्त्रीय उद्यानांतील ऋतुमानानुसार अध्यापन

शास्त्रीय उद्यानातील जिवंत वनस्पती समोर ठेवून, त्यांच्या अंकुरण्याच्या, फुलण्याच्या, फळण्याच्या व पानगळीच्या काळास अनुसरून विद्यार्थ्यांसाठी व सर्वसामान्य नागरिकांसाठी चालविलेले वर्ग, प्रात्यक्षिके व सहली यांना ही संज्ञा लावता येईल. अशा वर्गांचे वेळापत्रक मुख्यतः वनस्पतीच ठरविते. फूल उमलण्यापूर्वी त्याची रचना दाखविता येत नाही आणि रस चढण्यापूर्वी डोळा बांधता येत नाही. त्यामुळे या अध्यापनाच्या साडेचारशे वर्षांहून अधिक काळच्या इतिहासात दोन प्रश्न वारंवार उपस्थित झालेले दिसतात : वनस्पती निद्रिस्त असताना शिकवावे कसे आणि उद्यानाचे दार कोणासाठी उघडे असावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर सापडले. दुसऱ्यास मात्र फार काळ लागला.

या अध्यापनाचा उगम वैद्यकाच्या शिक्षणात आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी यूरोपीय विद्यापीठांत औषधी वनस्पतींचा विषय प्राचीन ग्रीक ग्रंथांच्या वाचनाने शिकविला जाई. विद्यार्थ्याला वनस्पतीचे नाव व गुणधर्म तोंडपाठ असत. पण प्रत्यक्ष वनस्पती ओळखता येत नसे आणि औषधविक्रेता जे देईल तेच खरे मानावे लागे. यातून रुग्णांच्या जिवाशी खेळ होई. ही उणीव दूर करण्यासाठी पॅड्युआ विद्यापीठात १५३३ मध्ये औषधी वनस्पतींचे स्वतंत्र अध्यासन निर्माण करण्यात आले. त्यावरील प्राध्यापक फ्रांचेस्को बोनाफेदे यांच्या आग्रहावरून व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने २९ जून १५४५ रोजी तेथे उद्यान उभारण्याचा ठराव संमत केला. मूळ जागीच टिकून असलेले हे जगातील सर्वांत जुने विद्यापीठीय शास्त्रीय उद्यान होय. पीसा येथील उद्यान काहीसे आधीचे असले, तरी त्याची जागा पुढे बदलली. पॅड्युआमध्ये वर्गातील व्याख्यान आणि उद्यानातील ‘दर्शन’ अशी अध्यापनाची विभागणी झाली. दर्शन म्हणजे वाफ्यांमधून फिरत प्रत्येक वनस्पती दाखवून तिचे नाव व उपयोग सांगणे. चोऱ्या होऊ लागल्यामुळे उद्यानाभोवती वर्तुळाकार भिंत बांधावी लागली, यावरून त्यातील वनस्पतींना किती मोल होते हे समजते.

पीसा येथे शिकविणारे लूका गीनी (१४९०–१५५६) यांच्यापुढे हिवाळ्याची अडचण होती. उत्तर इटलीत विद्यापीठाचे सत्र शरद ऋतूत सुरू होई व वनस्पती वाळून गेल्यावर ऐन भरात येई. गीनी यांनी वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटविण्याची पद्धत प्रचारात आणली. त्यांचा स्वतःचा संग्रह नष्ट झाला आहे. परंतु त्यांचे शिष्य आंद्रेआ चेझाल्पीनो यांनी १५६३ मध्ये सिद्ध केलेला संग्रह फ्लॉरेन्समध्ये आणि उलीस्से आल्ड्रोव्हांदी यांचा संग्रह बोलोन्यामध्ये आजही पाहावयास मिळतो. अशा संग्रहास त्या काळी ‘शुष्क उद्यान’ किंवा ‘हिवाळी उद्यान’ असे लॅटिन नाव होते. हे नाव अत्यंत सूचक आहे. आज वर्गीकरणशास्त्राचा मूलाधार मानला जाणारा वनस्पतिसंग्रह हा प्रथमतः हिवाळ्यात वर्ग चालू ठेवण्याची सोय म्हणून उपयोगी पडला.

लायडन (नेदर्लंड्स) येथे हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडविण्यात आली. तेथील विद्यापीठीय उद्यान १५९० मध्ये स्थापन झाले व कारॉलस क्लूझिअस यांच्या देखरेखीखाली १५९४ मध्ये त्याची लागवड पूर्ण झाली. (क्लूझिअस यांचा भारताशी अप्रत्यक्ष संबंध आहे. गार्सिया द ऑर्ता यांनी गोव्यातील वनौषधींवर लिहिलेला व १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेलेला पोर्तुगीज ग्रंथ क्लूझिअस यांनीच १५६७ मध्ये लॅटिनमध्ये संक्षेपाने आणून यूरोपभर पोहोचविला.) लायडनचे प्राध्यापक पीटर पाउ (१५६४–१६१७) हे उन्हाळ्यात उद्यानात वनस्पतिविज्ञान व हिवाळ्यात शरीरविच्छेदनगृहात शारीर शिकवीत. थंडीत प्रेते टिकतात आणि उन्हाळ्यात झाडे फुलतात, इतका साधा हिशेब त्यामागे होता. पाउ यांनी १६०१ मध्ये उद्यानाची जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत वाफ्यांचे क्रमांक छापून त्यांपुढील जागा कोरी ठेवली होती. त्या वर्षी त्या वाफ्यात जे उगवले असेल, त्याचे नाव विद्यार्थ्याने स्वतः पाहून लिहावयाचे असे. पाठ्यपुस्तकाची रिकामी पाने विद्यार्थ्याकडून भरून घेण्याची ही रीत आजच्या अनेक छापील कृतिपुस्तिकांपेक्षा सरस वाटते.

इटली व नेदर्लंड्स येथील उद्याने विद्यापीठांच्या छायेत वाढली. त्यांचे अध्यापन लॅटिनमध्ये चाले आणि ते नोंदणीकृत विद्यार्थ्यांसाठीच असे. ही चौकट पॅरिसमध्ये मोडली. राजवैद्य गी द ला ब्रॉस यांच्या प्रयत्नाने तेराव्या लूईने १६३५ मध्ये ‘राजाचे उद्यान’ स्थापिले व ते १६४० मध्ये खुले झाले. येथील प्रात्यक्षिके फ्रेंच भाषेत व विनामूल्य होत आणि त्यांना कोणासही उपस्थित राहता येई. पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेला हे मुळीच मान्य नव्हते. तिच्या दृष्टीने वैद्यकाचे शिक्षण देण्याचा अधिकार केवळ तिचाच होता. त्यातही उद्यानात रसायनशास्त्र शिकविले जावे यास तिचा तीव्र विरोध होता. भाषेचा मुद्दा वरवर गौण भासला, तरी वादाच्या मुळाशी तोही होता. लॅटिन न जाणणारा शस्त्रवैद्य, औषधविक्रेता किंवा जिज्ञासू नागरिक वाफ्याजवळ उभा राहून वैद्याइतकेच शिकू लागला, तर पदवीचे महत्त्व कमी होणार होते. ला ब्रॉस १६४१ मध्ये निधन पावले व त्यानंतर काही काळ अध्यापन मंदावले. अखेर १६७३ मध्ये चौदाव्या लूईने हुकूम काढून उद्यानातील प्रात्यक्षिके विनामूल्य व उघड्या दारांनी चालतील हे पक्के केले. सार्वजनिक उद्यानात सार्वजनिक शिक्षण ही कल्पना यूरोपात रुजण्यास हा हुकूम मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला, असे म्हणता येईल.

या उघड्या दाराचे फळ १७१७ मध्ये दिसून आले. प्राध्यापक आंत्वान द झ्यूस्यू परदेशी असल्याने त्या वर्षीच्या सत्राचे प्रारंभिक व्याख्यान देण्याचे काम निर्देशक सेबास्त्यँ व्हाइयां यांच्याकडे आले. १० जून रोजी भल्या सकाळी दिलेल्या या व्याख्यानात त्यांनी केसरदले व किंजदले ही फुलांची जननेंद्रिये होत, असे निःसंदिग्ध शब्दांत प्रतिपादिले. हे व्याख्यान १७१८ मध्ये लायडन येथे छापले गेले व त्याच्या परीक्षणावरून तरुण ⟶ लिनीअस यांना आपल्या वर्गीकरणपद्धतीची प्रेरणा मिळाली. निर्देशकाचा दर्जा प्राध्यापकाहून खालचा मानला जाई. परंतु वर्षानुवर्षे उद्यानात राहून फुले पाहणारा तोच असे, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १० जून १७९३ रोजी, या उद्यानाचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात रूपांतर झाले व तेथे बारा अध्यासने निर्माण करण्यात आली. त्यांपैकी लागवडविषयक अध्यासन आंद्रे तुअँ (१७४७–१८२४) यांना मिळाले. तुअँ यांचे वडील याच उद्यानातील प्रमुख माळी होते. त्यांच्या निधनानंतर १७६४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते काम तुअँ यांच्याकडे आले होते. माळ्याचा मुलगा प्राध्यापकांच्या पंक्तीला बसला, एवढ्यापुरतेच या नेमणुकीचे महत्त्व मर्यादित नाही. छाटणी, कलमे, दाब देणे, कुंपणे लावणे या हातांच्या कौशल्यांना प्रथमच विद्येचा दर्जा मिळाला. तुअँ यांनी उद्यानात निरनिराळ्या प्रकारे कलमे केलेल्या झाडांचे व कुंपणांचे नमुने शिकविण्यासाठी लावून ठेवले होते. कलमांवरील त्यांच्या १८२१ च्या ग्रंथात शंभराहून अधिक प्रकारांचे वर्णन आहे. आज अनेक उद्यानांत हंगामानुसार भरणाऱ्या छाटणीच्या व कलमांच्या कार्यशाळांचा आद्य नमुना येथे सापडतो.

इंग्लंडमधील वाटचाल निराळी आहे. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेने १६२० पासून आपल्या उमेदवारांसाठी वनस्पतिशोधाच्या सहली सुरू केल्या आणि १६७३ मध्ये टेम्स नदीकाठी चेल्सी येथे उद्यान उभारले. सहली एप्रिल ते सप्टेंबर या काळात निघत. निर्देशक उमेदवारांना शेतांतून व माळांवरून हिंडवून वनस्पतींची ओळख करून देई. सर हॅन्स स्लोन यांनी १७२२ मध्ये ही जागा वार्षिक पाच पौंड भाड्याने कायमची दिली. मात्र उद्यानाने दरवर्षी पन्नास वाळविलेले नमुने रॉयल सोसायटीस द्यावेत, अशी अट घातली. या अटीमुळे उद्यानातील लागवडीत दरवर्षी नवी भर पडत राहिली. अध्यापन मात्र उमेदवारांपुरतेच राहिले. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी कर्जापायी तुरुंगात पडलेल्या पतीच्या सुटकेसाठी याच उद्यानातील वनस्पती पाहून ५०० चित्रे काढली व १७३७–३९ या काळात ती प्रसिद्ध केली. परंतु उमेदवारांच्या वर्गात त्यांना स्थान नव्हते. येथील निर्देशक विल्यम कर्टिस यांनी १७७७ मध्ये पद सोडले व १७७९ मध्ये लॅम्बेथ येथे वर्गणीदारांसाठी स्वतःचे उद्यान उघडले. लंडन शहर पसरत गेले, आसपासची शेते नाहीशी झाली आणि १८३४ मध्ये सहली बंद पडल्या. चेल्सीचे उद्यान सामान्य जनतेसाठी १९८३ मध्ये खुले झाले.

स्वीडनमधील ऊप्साला येथे लिनीअस (१७०७–७८) यांनी उद्यान व सहल यांची जोड घालून दिली. वसंत व उन्हाळ्यात ते विद्यार्थ्यांना आठ ठरलेल्या मार्गांनी शहराबाहेर नेत. पोशाख सैल व हलका असावा, सोबत कोणती साधने घ्यावीत, याचे नियम त्यांनी लिहून ठेवले आहेत. एक विद्यार्थी टिपणे घेई, दुसरा शिस्त राखी, काहींकडे पक्षी टिपण्याचे काम असे. सायंकाळी शिंगे व नगारे वाजवीत सर्वजण उद्यानात परतत आणि लिनीअस यांचा जयघोष करून पांगत. हा गाजावाजा विद्यापीठातील काही वरिष्ठांना रुचला नाही. ऋतू व अध्यापन यांच्या संबंधाचा लिनीअस यांनी तात्त्विक विचारही केला. १७५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वनस्पतींच्या पंचांगा’त त्यांनी अंकुरणे, पालवणे, फुलणे, फळणे इ. घटनांवरून वर्षाचे बारा नैसर्गिक महिने पाडले आहेत.

बालकांपर्यंत हे शिक्षण पोहोचण्यास विसावे शतक उजाडावे लागले. न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन शास्त्रीय उद्यानाने (स्थापना १९१०) १९१४ मध्ये एलेन एडी शॉ यांच्या पुढाकाराने मुलांचे उद्यान सुरू केले. शास्त्रीय उद्यानाच्या आवारातील हे अशा प्रकारचे पहिले उद्यान मानले जाते व ते अद्याप चालू आहे. मुलांना छोटे वाफे दिले जातात; त्यांत ती पेरणीपासून काढणीपर्यंतची सर्व कामे स्वतः करतात. हंगाम चुकला तर पीक जाते, हा धडा मुलांना तेथे कोणी वेगळा सांगावा लागत नाही.

भारतातील शास्त्रीय उद्यानांचा आरंभ शिक्षणातून झाला नाही. कलकत्त्याचे उद्यान कर्नल रॉबर्ट किड यांच्या सूचनेवरून १७८७ मध्ये स्थापन झाले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारास उपयुक्त झाडे वाढविण्यासाठी. विल्यम रॉक्सबर्ग यांच्यासाठी भारतीय चित्रकारांनी तेथे अडीच हजारांहून अधिक वनस्पतिचित्रे काढली. त्यांतील बहुतेक चित्रकारांची नावे नोंदलेली नाहीत. पुण्याजवळील दापोडी येथे सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८२८ मध्ये सुरू झालेल्या उद्यानाचीही हीच कथा आहे. अलेक्झांडर गिब्सन यांच्या काळात तेथे सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती पिकविल्या गेल्या आणि १८४७–५० मध्ये एका भारतीय चित्रकाराने तेथील झाडांची उत्कृष्ट चित्रे काढली. ती एडिंबरो येथे जतन केलेली आहेत; चित्रकार अनामिक राहिला. या माळ्यांना व चित्रकारांना वनस्पतींचे सूक्ष्म ज्ञान होते, यात शंका नाही. पण ते इतरांना देण्यासाठी उद्यानात वर्ग काढावा, असे राज्यकर्त्यांना वाटले नाही. पॅरिसला तुअँ यांच्या हाती आलेले अध्यासन दापोडीच्या माळ्यासाठी कल्पनेतही नव्हते.

दापोडीनंतर १८७३ मध्ये पुण्यातच गणेशखिंडीचे उद्यान उभे राहिले. त्याचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिविज्ञानाचे अध्यापनही करीत. त्यामुळे उद्यान व वर्ग यांचा सांधा जुळला. भारतातील बागकामावरील त्यांच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. हे उद्यान २०२० मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. सामान्य नागरिकांचा संबंध मात्र मुख्यत्वे प्रदर्शनांच्या निमित्ताने आला. पश्चिम भारत कृषि-उद्यानविद्या संस्थेच्या व्यवस्थेखालील पुण्याच्या एम्प्रेस उद्यानात जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात (राणीची बाग, स्थापना १८६२) महानगरपालिकेच्या वार्षिक प्रदर्शनाला जोडून बागकामाच्या कार्यशाळाही होतात.

ही प्रदर्शने हिवाळ्यात भरतात, कारण शेवंती, डेलिया, पिटुनिया यांसारखी बागेतील फुले महाराष्ट्रात त्याच सुमारास भरास येतात. देशी वनस्पतींचे पंचांग मात्र वेगळे आहे. सह्याद्रीतील तेरडा, सोनकी यांसारख्या ओषधी पावसाळ्यात व त्याच्या अखेरीस फुलतात, तर पळस, पांगारा व काटेसावर हे वृक्ष पाने गाळून शिशिराच्या अखेरीस. महाविद्यालयांत तेव्हा परीक्षांची धांदल असते, त्यामुळे वनस्पतिविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही या वृक्षांची फुले अनेकदा संग्रहातील वाळलेल्या नमुन्यांवरूनच अभ्यासावी लागतात. गीनी यांच्यापुढील सत्राची अडचण येथे ऋतू उलटे होऊन पुन्हा उभी राहते. बागकामाच्या शिक्षणातही हेच दिसते. आंब्याचे कोय कलम नुकत्याच रुजलेल्या, कोवळ्या तांबूस पानांच्या रोपावर करावयाचे असते. कोय रुजते ती आंब्याचा हंगाम संपल्यावर आणि कलम सांधण्यास लागणारी दमट हवा मिळते ती पावसाळ्यात. म्हणून जून ते ऑगस्ट हाच त्याच्या प्रात्यक्षिकाचा काळ होय. जानेवारीतील प्रदर्शनात कोय कलमाची कृती तक्त्यावर दाखविता येते. हाताने करून पाहण्यास लागणारे रोप तेव्हा उपलब्ध नसते.