काळ्या वाळूची कुळकथा

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओल्या वाळूत काळसर रेघा दिसू लागतात. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांवरून फिरवा, पिशवीला काळी दाढी फुटते. पिशवी हवीच, नाहीतर चुंबकावरचे कण खरवडण्यात दुपार जाते.

दाढी मॅग्नेटाइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची. सोबतचं इल्मेनाइट साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही. दोन्हींचं मूळ सह्याद्रीच्या काळ्या कातळात. कातळ झिजतो, पावसाळ्यात नद्या गाळ खाली आणतात, परतणारी लाट हलकी वाळू ओढून नेते आणि जड कण मागे राहतात.

चुंबकाचा इतिहास म्हटलं की आशिया मायनरमधलं मॅग्नेशिया, 1088च्या सुमारास चुंबकसुईबद्दल लिहिणारा चीनचा शेन क्वो आणि 1600 साली पृथ्वीच एक चुंबक आहे असं मांडणारा विल्यम गिल्बर्ट हे ठरलेले मानकरी. आपल्याकडे कालिदासाने ‘कुमारसंभवा’त अयस्कांताची, म्हणजे लोहचुंबकाची, उपमा योजली आहे. पण ही झाली माणसांची बाजू. मला दगडाची बाजू जास्त रंगतदार वाटते.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले; सह्याद्रीचा काळा कातळ तो हाच. लाव्हा निवत साधारण 580 अंश सेल्सियसच्या खाली आला, की मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात आणि ती दगडात टिकते. नुसती दिशाच नव्हे, कलही. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्ताजवळ आडवी राहते, ध्रुवांकडे जावं तशी अधिकाधिक कलते. त्यामुळे कल मोजला की दगड जन्मला तेव्हा किती अक्षांशावर होता ते काढता येतं. 1950च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजात क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनचे दगड असे मोजले. उत्तर निघालं: हा कातळ दक्षिण गोलार्धात जन्मला. भूखंड सरकतात हे अनेक भूशास्त्रज्ञ तेव्हा मानायलाही तयार नव्हते.

आणखी एक गंमत. घाटाच्या खालच्या थरांतली दिशा आजच्या उलट आहे, महाबळेश्वरच्या माथ्याकडच्या थरांत ती सरळ होते. मधल्या काळात पृथ्वीच्या चुंबकाचे ध्रुव उलटले होते. खालचे थर निवत असताना कुणाकडे होकायंत्र असतं, तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं.

असं बदलणारं क्षेत्र सतत मोजत राहावं लागतं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841पासून त्याच्या नोंदी होऊ लागल्या. सप्टेंबर 1859मधलं प्रचंड सौरवादळ तिथे टिपलं गेलं. पुढे विजेच्या ट्रामचा बेत आला. तारांतल्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे ओळखून संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबाग निवडलं. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली गेली. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. आंजर्ल्याच्या याच किनारपट्टीवर, थोडं उत्तरेला, हे काम आजही होतं.

ज्या ट्रामपायी वेधशाळेला गाव सोडावं लागलं, ती 1964 साली बंद झाली. अलिबागच्या नोंदी मात्र चालूच आहेत.