परम ८००० आणि संगणकेतिहासाची साधने

तुकोबांच्या वह्या देहू येथे इंद्रायणीत बुडविल्या गेल्याची कथा सर्वश्रुत आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा ऊहापोह येथे कर्तव्य नाही. परंतु १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या साहाय्याने निघालेल्या गाथेच्या आवृत्तीसाठी संपादकांनी देहूसह निरनिराळ्या ठिकाणची हस्तलिखिते ताडून पाहिली, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. कागद बदलला तरी पाठ टिकतो, हे या खटपटीमागील गृहीत होय. संगणकाच्या आज्ञावलीस ते लागू पडत नाही. तिची प्रत अक्षरशः सुरक्षित राहिली, तरी ज्या प्रोसेसरासाठी ती रचली तो लुप्त होताच ती मुकी होते.

याचे उदाहरण देहूपासून दूर शोधावयास नको. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यात ब्रिटनमधील इनमॉसचे ट्रान्सप्युटर होते. पुढे ‘परम ९०००’ मध्ये स्पार्क, २००३ च्या ‘परम पद्म’मध्ये पॉवर-४ आणि २००८ च्या ‘परम युवा’मध्ये इंटेलचे प्रोसेसर आले. कुलनाम एकच राहिले. यंत्रभाषा मात्र चार झाल्या.

अशा वेळी दोन मार्ग संभवतात. पहिला, आज्ञावली नव्या यंत्रासाठी पुन्हा रचण्याचा. तो व्यवहारास सोयीचा खरा. पण त्यात जुन्या चुका दुरुस्त होतात, जुन्या युक्त्या गळतात आणि इतिहासाचा पुरावाच पुसला जातो. दुसरा मार्ग अनुकाराचा. येथे नव्या संगणकावर एक आज्ञावली जुन्या प्रोसेसराचे सोंग घेते. मूळची प्रत्येक आज्ञा वाचून तिचा अर्थ नव्या यंत्राकडून वठविते. मग जुनी ऑपरेटिंग सिस्टिम एका अक्षराचाही बदल न होता चालू लागते. एक यंत्र दुसऱ्याचे काम करू शकते, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दाखविले होते. १९६४ मध्ये आयबीएमने आपल्या सिस्टिम/३६० मालिकेत जुन्या १४०१ यंत्राच्या आज्ञावली चालविण्याची सोय दिली. फाब्रिस बेलार यांच्या २००३ च्या क्यूईएमयूने आज्ञांचे गटागटाने भाषांतर करून हे काम पुष्कळ वेगवान केले.

तथापि ट्रान्सप्युटरचा अनुकार केवळ आज्ञांच्या कोष्टकाने साधत नाही. कोणती प्रक्रिया केव्हा चालवावी हे ठरविण्याचे, एरवी ऑपरेटिंग सिस्टिमचे असलेले काम त्या चिपमध्येच अंतर्भूत होते. शिवाय टी-८०० ला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. म्हणून अनुकारी यंत्रास एका प्रोसेसराची नव्हे, तर त्यांच्या परस्परसंवादाचीही नक्कल करावी लागते. एवढे करूनही मूळ यंत्राचा कालक्रम हाती येईलच असे नाही; आणि महासंगणकाचे सारे महत्त्व तर त्याच्या वेगात होते. सारांश, अनुकाराने आज्ञावलीचे वर्तन कळते. यंत्राच्या सामर्थ्याचा अदमास घेण्यास समकालीन मोजमापेच पाहावी लागतात.

यास्तव जतन करावयाचे ते केवळ चुंबकीय फितीवरील आज्ञावलीचे नव्हे. आज्ञासंचाच्या पुस्तिका, जोडणीचे आराखडे, चाचण्यांच्या नोंदवह्या ही कागदपत्रेही तितकीच मोलाची आहेत, कारण त्यांवाचून अनुकारी यंत्र रचताच येत नाही. कपाटे रिकामी करताना प्रथम रद्दीत जातात ती नेमकी हीच. ज्या पिढीने ही यंत्रे उभारली, तिच्या हयातीतच हा संग्रह होणे अगत्याचे आहे.