सूर कुणाचा, नाव कुणाचे?

उमापूरच्या पेठेतून एखादी वरात निघाली म्हणजे पुढे बँडवाले असतात, आणि त्या बँडात सगळ्यांच्या वर चढणारा आवाज असतो तो क्लॅरोनेटचा. पोरे नाचतात, आपण कडेला उभे राहून मान डोलावतो. पण वाचकहो, ही चाल मुळात बांधली कुणी, असे आपण त्या बँडवाल्याला कधी विचारले आहे काय? विचारले तर फार तर तो सिनेमाचे नाव सांगेल. त्यापलीकडे तोही जात नाही आणि आपणही जात नाही. म्हणूनच आज एका परदेशी वादकाची हकीकत तुमच्यापुढे मांडावीशी वाटते. त्याचे नाव रूडी जॅक्सन. तो राहणारा अमेरिकेचा, वाजवायचा क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोन, आणि आपल्या उमेदीची काही वर्षे त्याने मुंबईत काढली.

जॅक्सनचा जन्म १९०१ सालचा, इंडियाना संस्थानातल्या फोर्ट वेन गावचा. आईवडील दोघेही वादक. पोर वाढले शिकागो शहरात. तो काळ कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि जॅझ संगीताच्या बहराचा. १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली खरी, पण दुःख काही कायद्याने संपत नाही. शेतात राबताना, रस्ते खणताना जे गाणे तोंडात बसले होते त्यातूनच ब्लूज निघाले. त्यात गंधार आणि निषाद असे काही उतरवून लावतात की ऐकणाऱ्याच्या काळजाला चरा पडावा. आपल्याला हे समजायला अवघड नाही. आपल्या आयाबाया जात्यावर ओवी गात. चाल तीच, पण दळणारणीगणिक ओवी नवी. ती चाल कुणाची, हा प्रश्न जात्यापाशी कधी उठलाच नाही. ब्लूजचेही पुष्कळसे तसेच होते.

प्रश्न उठला तो तबकडी आल्यावर. ओवीला मालक लागत नाही, तबकडीला लागतो.

किंग ऑलिव्हर हा त्या काळचा मोठा कॉर्नेटवादक. लुई आर्मस्ट्राँग त्याच्याच हाताखाली तयार झाला. ऑलिव्हरने १९२३ साली 'कॅम्प मीटिंग ब्लूज' नावाची तबकडी काढली. जॅक्सनने काही काळ ऑलिव्हरच्या ताफ्यात वाजवले होते. पुढे १९२७ साली तो ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात गेला आणि तिथे त्याने एक चाल ऐकवली. ही माझी, म्हणून सांगितले. एलिंग्टनला ती आवडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'क्रिओल लव्ह कॉल' या नावाने ती मुद्रित झाली. ॲडलेड हॉल या गायिकेने तीत शब्दांवाचून नुसता गळा फिरवला, आणि ती तबकडी जगभर गाजली. हक्काच्या कागदावर नावे लागली एलिंग्टन, बबर माइली आणि रूडी जॅक्सन यांची.

चाल मात्र मुळात ऑलिव्हरची होती. ऑलिव्हरने हक्क मागितला. पण कागदपत्रांनी त्याला साथ दिली नाही. वर्ष सरते न सरते तोच जॅक्सन एलिंग्टनच्या वाद्यवृंदातून बाहेर पडला आणि त्याच्या जागी बार्नी बिगार्ड आला. ऑलिव्हरचे पुढे दात गेले, वादन सुटले, आणि १९३८ साली सव्हाना शहरात अत्यंत गरिबीत त्याचा अंत झाला. ही गोष्ट जॅक्सनच्या नावाला कायमची चिकटली आहे, आणि ती लपवून त्याचे चरित्र सांगणे बरे नव्हे.

१९२९ साली नोबल सिसलच्या वाद्यवृंदाबरोबर जॅक्सन युरोपात गेला. कृष्णवर्णीय वादकांना तेव्हा परदेशाची ओढ का होती, हेही समजून घेतले पाहिजे. एलिंग्टन न्यूयॉर्कच्या ज्या कॉटन क्लबात वाजवी, तिथे वाजवणारे काळे आणि गिऱ्हाईक मात्र गोरे, असा दंडक होता. ज्याच्या सुरावर सभागृह डोलते, त्याला तिथल्या खुर्चीवर बसायची मुभा नाही! त्यात १९२९ची मंदी आली. मग कुणी पॅरिस गाठले, कुणी शांघाय, आणि काहींनी मुंबई.

१९३५ साली लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक पुढे आले. १९३६ साली स्मिथच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या मुंबईतच मुद्रित झाल्या. जॅक्सन आणि रॉय बटलर हे या मंडळींतले सॅक्सोफोनवादक. अपोलो बंदरावर समुद्राचा वारा, आत राजेरजवाडे आणि साहेब लोक नाचताहेत, आणि वाजते आहे ते शिकागोच्या गल्लीतले संगीत, असा तो थाट.

पण नाचणारे नाचून घरी गेले. ऐकणारे खरे होते ते गोव्याचे वादक. गोव्यात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत, त्यामुळे कागदावरचा सूर त्यांना वाचता येई. कागदावर न मावणारा सूर त्यांनी या अमेरिकन मंडळींच्या शेजारी बसून उचलला. फ्रँक फर्नांड ताजमध्ये त्यांच्या सहवासात वाढला. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' म्हणून गाजला. मुंबईचा कावस खटाव हा पारशी सॅक्सोफोनवादक 'रूडी कॉटन' या नावाने पुढे आला.

मग महायुद्ध आले. वेदरफर्ड १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. युद्धानंतर जॅक्सन मायदेशी परतला, आणि १९६८च्या सुमारास शिकागोत वारला. इकडे १९४९ साली मुंबईत दारूबंदी आली आणि नाचघरे ओस पडू लागली. गोव्याचे वादक पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओत शिरले.

आणि इथे तो जुना खेळ पुन्हा सुरू झाला. १९५१ सालचा 'अलबेला' आठवा. भगवानदादांचा तो नाच, आणि संगीत आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांचे. त्या वाद्यमेळात चिक चॉकलेटचा ट्रंपेट होता. रामचंद्र थोर संगीतकार, यात शंका नाही. पण एकूण सिनेसृष्टीतच चाल बांधणाऱ्याचे नाव पाटीवर मोठे, वाद्यमेळ लिहिणाऱ्याचे लहान अक्षरांत, साहाय्यक म्हणून, आणि पुष्कळदा तेही नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी असा वाद्यमेळ वर्षानुवर्षे लिहिला. त्यांचे नाव देशाच्या तोंडी बसले ते १९७७ साली, 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यात. कारण त्याचे संगीत देणाऱ्या जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य होते. गाणे सगळ्यांनी म्हटले, पण हा माणूस खराच होता, हे फार थोड्यांना माहीत होते.

जॅक्सनने दुसऱ्याच्या सुरावर आपले नाव घातले, हा त्याचा दोष. पण मुंबईत त्या मंडळींचे जे सूर आपल्या गाण्यांत मुरले, त्यांवर त्याचे किंवा त्याच्या सोबत्यांचे नाव कुणीच घातले नाही, हाही हिशेबच आहे. सूर वाटेने जाताना हात बदलतो, आणि त्यात वाईट काही नाही; ओवी अशीच जगली. फक्त ज्याने तो आणून दिला त्याची आठवण ठेवावी, एवढेच. तेव्हा पुढच्या वेळी पेठेतून वरात जाईल, तेव्हा त्या क्लॅरोनेटवाल्याला निदान त्याचे स्वतःचे नाव तरी विचारा.