विद्येचें खरें मोल

कॉलेजच्या खर्चाचा विषय निघाला कीं आपण प्रथम फीचा आंकडा विचारतों. पण खेड्यांतून शहरांत आलेल्या मुलाला फीनंतरचा प्रश्न अधिक छळतो : निजावें कोठें आणि जेवावें काय ? माधुकरी मागून, वार लावून अनेक विद्यार्थी शिकले. परंतु ज्यांच्यासाठीं तीं दारेंच उघडत नसत, त्यांनीं माफ झालेली फी घेऊन काय करावें ?

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं हें वर्म ओळखलें. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, त्याच वर्षीं जैन बोर्डिंग. १९०६ मध्यें मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली, १९०८ मध्यें अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग उभें राहिलें. मुलांना छप्पर मिळालें. पण जातीच्या भिंती राहिल्याच.

या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनास जैन बोर्डिंगांतील एक विद्यार्थी गेला. परतल्यावर शुद्धीसाठीं स्नान करण्यास त्यानें नकार दिला, आणि त्याला वसतिगृह सोडावें लागलें, असें त्याचे चरित्रकार सांगतात. हेच भाऊराव पाटील. पुढें १९२४ सालीं साताऱ्यास त्यांनीं सर्व जातींच्या मुलांना एकाच पंक्तीस बसविलें. १९४७ मध्यें तेथेंच छत्रपति शिवाजी कॉलेज काढून, श्रम करून शिकण्याची वाट त्यांनीं कॉलेजपर्यंत नेली.

म्हणून श्रोतेहो, एखाद्या शिष्यवृत्तीची थोरवी ऐकाल, तेव्हां फी किती माफ झाली एवढ्यावर थांबूं नका. त्या मुलाचें ताट कोण वाढतें आणि कोणत्या अटीवर वाढतें, हेंही विचारा.