काकांचं वावर आणि रँडम नंबर

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार, नेहमीप्रमाणे नागपूरहून. आजचा विषय प्रोबॅबिलिटी. थांबा, स्किप करू नका! नाणी, फासे, पिशवीतले लाल-निळे चेंडू यातलं काहीच नाही. आज सोयाबीन आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी उमरेडजवळ काकांकडे गेलो होतो. त्यांच्या वावरात पीक कापणी प्रयोग होता. कृषी सहाय्यक आले, वावराची लांबी-रुंदी मोजली, रँडम नंबर बघितले. मग नैऋत्य कोपऱ्यातून लांबीकडे इतकं, रुंदीकडे इतकं असं मोजत गेले आणि खुंट्या ठोकून १० बाय ५ मीटरचा तुकडा दोरीने आखला. तो तुकडा आला नेमका विहिरीजवळ, जिथे पीक सगळ्यात चांगलं होतं. बाकीचं तीन भाग वावर पाण्याने पिवळं पडलेलं.

काका म्हणाले, "साहेब, चार पावलं इकडे घ्या नं." साहेब म्हणाले, "नाही जमत काका, नंबर आला तिथेच कापायचं." कापलं, मळणी केली, वजन भरलं सहा किलो. संध्याकाळी काकांनी मला धरलं. "तू एवढा इंजिनिअर झाला नं बा, मंग सांग, माह्या वावरातला चांगला तुकडाच काहून गवसला त्याईले?"

मी बीटेकला स्टॅटिस्टिक्स पास झालोय. कोडमध्ये रोज रँडम फंक्शन वापरतो. पण काकांना उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मनातून मीही त्यांच्याच बाजूने होतो. नागपूरला परत आल्यावर वाचत बसलो, आणि कळलं की या चार पावलांमागे मोठा इतिहास आहे.

आधी पीक मोजायचे ते डोळ्याने. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. ही आणेवारी. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि तिची पैसेवारी झाली. आजही पैसेवारी पन्नासच्या खाली की वर, यावरून दुष्काळाची चर्चा पेटते. आपल्याकडे हिवाळी अधिवेशन भरलं की हा शब्द कानावर पडतोच.

डोळ्याच्या अंदाजात अडचण काय? डोळा कोणाचा, हा प्रश्न! १९१८ चा खेडा सत्याग्रह शाळेत वाचला असेल. खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. नियम असा, की पीक चार आणे किंवा कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब. सरकार म्हणे पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत खाली आहे. वावर तेच, पीक तेच, पण उत्तरं दोन. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल ज्या लढ्यात उतरले, त्याच्या मुळाशी मोजणीचं हे भांडण होतं.

मग वाटेल, अंदाज नको, थोडं पीक कापून वजनच करू. पण कुठलं कापायचं? अधिकाऱ्याने जागा निवडली तर पुन्हा त्याचाच डोळा. शेतकऱ्याने निवडली तर त्याचा. यावर १९२३ ते १९२५ मध्ये बिहार-ओरिसात जॉन हबॅक या आयसीएस अधिकाऱ्याने उपाय केला. भाताचं पीक कापायची जागा त्याने माणसाच्या मर्जीवर न सोडता रँडम ठरवली. पुढे आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या रोनाल्ड फिशरनेही हबॅकच्या कामाचा आपल्यावर प्रभाव पडल्याचं मान्य केलं.

आता आपला माणूस. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन पीएचडी केली आणि १९४० मध्ये शेती संशोधनाच्या केंद्रीय परिषदेत रुजू झाले. रँडम निवडीवर आधारलेली पीक कापणी देशभर रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांचा एक वाद फार शिकण्यासारखा आहे. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पाहण्यांत अगदी छोटे तुकडे कापत. छोटा तुकडा स्वस्त, पटकन होतो, म्हणून खूप घेता येतात. सुखात्मे म्हणाले, छोट्या तुकड्यात उत्पन्न फुगून दिसतं. १९४६ मध्ये त्यांनी हे 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. का फुगतं? दोरीवरचं झाड आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. एक बाय एक मीटरच्या तुकड्यात एका चौरस मीटरमागे चार मीटर दोरी येते. १० बाय ५ च्या तुकड्यात फक्त ०.६ मीटर. दोरी जास्त तितका घोळ जास्त. आणि ही चूक सगळीकडे एकाच बाजूला होते, त्यामुळे हजार तुकडे कापले तरी सरासरीत ती जात नाही.

म्हणजे चुका दोन प्रकारच्या. एक नशिबाची, जी कधी वर जाते कधी खाली. दुसरी कल, जो कायम एकाच बाजूला झुकतो. हा फरक लक्षात ठेवा आणि परत काकांच्या वावरात चला.

समजा वावराचे चार सारखे भाग आहेत. तीन भागांत प्रत्येक तुकड्याला दोन किलो निघतं, विहिरीजवळच्या भागात सहा. कापणीच्या आधी "किती किलो निघेल" याचं एक ठरलेलं उत्तर नाही. दोनची शक्यता पाऊण, सहाची पाव. अशा आकड्याला पुस्तकात यादृच्छिक चल म्हणतात, कॉलेजच्या भाषेत रँडम व्हेरिएबल. त्याचं अपेक्षित मूल्य तीन किलो. तुकडा ५० चौरस मीटरचा, म्हणून हेक्टरी आकडा काढायला दोनशेने गुणायचं, म्हणजे सहा क्विंटल. काकांच्या नावावर मात्र बारा क्विंटल लागले. काकांचा राग चुकीचा नव्हता.

पण पीक विम्यासाठी त्या एका तुकड्याने काकांचं वावर मोजायचंच नव्हतं. मोजायचं होतं अख्खं महसूल मंडळ, आणि मंडळात एका पिकासाठी असे किमान दहा प्रयोग करायचे असतात. दहाही वावरं काकांसारखीच असली, तर दहाही वेळा विहिरीजवळचा तुकडा निघण्याची शक्यता दहा लाखांत जेमतेम एक. एका तुकड्याचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनची साधारण चढउतार, १.७ किलो आहे. दहांच्या सरासरीत ती ०.५५ वर येते. नशिबाची चूक अशी विरत जाते.

आणि साहेबांनी चार पावलं सरकवली असती तर? मग उद्या दुसऱ्या वावरात विमा कंपनीचा माणूसही म्हणेल, चार पावलं तिकडे घ्या. तो आला कल, आणि कल विरत नाही. ज्या नंबरवर काका चिडले, तोच त्यांना त्या दुसऱ्या माणसापासून वाचवत होता.

दिवाळीला गेलो तेव्हा हे सगळं काकांना अंगणात काडीने चौकटी काढून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे तो नंबर माह्यासाठी नव्हताच. मंडळासाठी होता. मंग माह्या पिवळ्या पडलेल्या तीन भागाचं काय?"

इथे गणित संपतं. मंडळाची सरासरी ठरलेल्या पातळीच्या वर राहिली, तर या हिशेबात काकांना भरपाई नाही, नुकसान कितीही खरं असलं तरी. हा दोष रँडम नंबरचा नाही. भरपाई वावराची मोजायची की मंडळाची, हा माणसांनी घेतलेला निर्णय आहे, आणि त्यावर भांडायचा काकांना पूर्ण हक्क आहे. फक्त ते भांडण चार पावलांसाठी नको.

तुमच्या घरच्या वावरात कधी पीक कापणी झाली असेल, तर नंबर आला तिथेच कापलं का, ते नक्की विचारून बघा. भेटू पुढच्या एपिसोडला!